थांबायला तीस पावले

मी, मष्णू रामा सुतार, वय सहासष्ट, धंदा बैलगाड्या बांधणे, राहणार बेळगुंदी, डोके ठिकाणावर आणि हात थरथरते असताना हे मृत्युपत्र तम्मण्णा मास्तरांकडून लिहवून घेत आहे. कोणी धाक घातलेला नाही. आज प्यायलेलोही नाही. मास्तरांनी वास घेऊन खात्री केली आहे.

१. राहते घर माझी मुलगी बाळाबाई, जी खानापुरास दिली आहे, तिला द्यावे. पुढच्या दाराची बुटकी चौकट मात्र बदलू नये. ती तिच्या आईच्या, कै. जयाबाईच्या, उंचीला केली होती. जावईबापूंनी वाकून यावे. इतक्या वेळा डोके आपटूनही ते शिकले नाहीत.

२. वाकस, पटाशा, रंधे ही हत्यारे माझ्या हाताखाली शिकलेल्या रवळूला. त्याचा हात माझ्यापेक्षा बरा आहे, हे त्याला मी गेल्यावरच सांगावे. मोठी करवत यल्लाप्पाने एका दिवसासाठी नेली, त्याला अकरा वर्षे झाली. ती त्यालाच दिली असे समजावे, म्हणजे तो मला पाहून गल्ली बदलणार नाही.

३. आता भरमाविषयी. भरमा गाडीवान माझा जिवलग. त्याची गाडी मीच बांधली होती. रस्त्यात म्हातारी दिसो की शेळीवाला, हा गाडी थांबवून चढवून घ्यायचा. त्याच्याबरोबर बाजाराला निघालो की बाजार उठल्यावर पोचायचो, आणि मी शिव्या दिल्या की हसायचा.

बेचाळीस साली तारा तोडणाऱ्यांचा शोध चालला होता. खानापूरच्या वाटेवर उतार संपायच्या जरा आधी पोलिसांनी नाका बसवला. भरमा लाकडे भरून उतरत होता. शिपायांनी हात केला, गाडी थांबली नाही, त्यांनी गोळी घातली. त्यांच्यापुढे तीस पावलांवर सपाटी लागली आणि बैल आपोआप उभे राहिले. तोवर भरमा गेला होता.

चौकशीत साहेबांनी मला विचारले, गाडीचा ब्रेक धड होता का? मी पाच माणसांत छाती काढून म्हणालो, "माझ्या हातचा ब्रेकचा ठोकळा फसत नाही." साहेबांनी लिहिले, गाडीवानाने मुद्दाम गाडी थांबवली नाही.

ते खोटे आहे. दोन दिवस आधी भरमा सांगून गेला होता, "आण्णा, ठोकळा गुळगुळीत झालाय. उताराला धरत न्हाय." मी देवळाच्या पालखीच्या कामात होतो. म्हणालो, "सोमवारी बदलतो की." तो म्हणाला, "चालतंय. सावकाश जातो." सोमवार त्याला दिसला नाही.

मी कबूल केले म्हणून गोळी घालणाऱ्याचा दोष कमी होत नाही. तीस पावले वाट पाहायला एकाही शिपायाला सुचले नाही.

आता गावचे पुढारी मारुतीराव पाडव्याला त्या उतारावर दगड बसवणार आहेत: सरकारपुढे गाडी न थांबवणारा वीर. सगळा गाव खूश आहे. एकटी भरमाची बायको बायाक्का म्हणते, "कुत्रं आडवं आलं तरी थांबायचा त्यो. माणसानं हात केल्यावर थांबणार न्हाय व्हय?" लोक तिला गप्प करतात. मीही गप्प बसलो, आणि जयाबाई गेल्यापासून रोज बायाक्काच्याच हातची भाकरी खातो. मला लाज वाटते.

म्हणून तो झिजलेला ठोकळा, जो मी गाडी परत आल्यावर काढून पेटीत लपवला, आणि माझ्या सरणानंतर उरेल ते सगळे सागवान बायाक्काला द्यावे. मारुतीरावांना विनंती, दगडावर एवढेच कोरावे: भरमा थांबत होता.

मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. हे कलम मास्तरांनी आजच बायाक्काला वाचून दाखवावे. भाकरी बंद व्हायची तर मी जिवंत असताना होऊ दे.

मष्णू रामा सुतार, सही
बेळगुंदी, ता. ११ फेब्रुवारी १९४७

साक्षीदार: बसवंत भावकू पाटील, सही
लिहिणार व साक्षीदार: तम्मण्णा मास्तर, सही

लिहिणाराची टीप: कलम तीन दुपारी बायाक्काला वाचून दाखवले. ठोकळा पदरात घेऊन ती घरी गेली. मष्णूआण्णा भिंतीकडे तोंड करून पडले. तासाभराने ती परत आली आणि म्हणाली, "त्यो थांबत हुता, असं लिवलंय न्हवं? मग माझाबी अंगठा घ्या."

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, बायाक्का भरमा गाडीवान. हाताला भाकरीचे पीठ असल्याने ठसा पुसट उठला आहे.