हिंगण्याची काळी राळ

३ मार्च
उमरेडला मामांकडच्या मधमाश्यांच्या पेटीतलं प्रोपोलिस, म्हणजे माशा फटी बुजवायला लावतात ती राळ, खरवडून आणलं. पिवळंधम्मक. एसटीत डबा उघडला तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "डिकेमालीचा वास येऊन राहिला वं. लेकराचे दात येऊन राहिले काय?"
पेटीजवळ बाभळी भरपूर, डिंकाचे गोळे लोंबतायत. माशा ढुंकून बघत नाहीत. डिकेमालीच्या कळ्यांवरची राळच आणतात. डिंक पाण्यात विरघळतो, त्याने घराच्या फटी काय बुजणार! राळ पाण्याला दाद देत नाही, बुरशीलाही नाही. त्यांना हे उपजत कळतं. मला एम.एस्सी.पर्यंत यावं लागलं.

७ मार्च
हिंगण्याची पेटी उघडली, बाबा कामाला आहेत त्या कारखान्यामागची. प्रोपोलिस काळं कुळकुळीत. गाइड सर खूश. "जितकं गडद तितकं दमदार. कंपनीला हेच दाखवू." कंपनी प्रोपोलिसचं घशाचं औषध काढणार आहे, प्रकल्पाचा खर्च तिचाच.
घरी मावशी. "एवढं शिकून माशाच मारून राहिली काय वं?"
आई आतून, "मारत नाही, पाळते."

९ मार्च
उमरेडचा तुकडा स्पिरिटमध्ये टाकला, स्पिरिट पिवळं झालं. हिंगण्याचा तसाच पडून. मग बाबांच्या गाडीतलं थोडं पेट्रोल. लगेच काळं!
राळ नाहीच ही.
दुपारी हिंगण्याला गेले. गेटसमोर नवा रस्ता, उन्हानं डांबर पाझरतंय. माशा त्यावर बसून मागच्या पायांना गोळ्या लावतायत. आजूबाजूला पत्रे, भिंती, ट्रक. राळेचं झाड एक नाही. मग काय करतील? फटी तर बुजवायच्याच.

१० मार्च
सरांना सांगितलं.
"हिंगणा वगळ. पेटीची जागा चुकली असं समज."
"जागा मीच निवडली होती सर. चुकली नाही."
"मग माझी सही विसर."
सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. वर्ष जाईल. घरात मी पहिली पदवीधर, आईनं वस्तीत सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगी जूनमध्ये नोकरीला लागते.
बाबा शिफ्टवरून आले, त्यांना सगळं सांगितलं, हिंगणा वगळू का विचारलं. जेवता जेवता थांबले. "म्हणजे लोकायच्या घशात डांबर?"
"हो."
"मंग काहून विचारते मले?"
नाही वगळणार.

१४ मार्च
सर म्हणतील, माशांना डांबरच आवडतं कशावरून नाही? म्हणून मामांकडून डिकेमालीच्या फांद्या मागवल्या, कळ्यांवर राळेचे थेंब. बादलीत उभ्या करून त्याच रस्त्याच्या कडेला ठेवल्या. वॉचमन, "मॅडम, पूजा है क्या?" म्हटलं, हो, माशांची.
तासभर कोणी फिरकलं नाही. मी बसून. मग एक आली. मग कितीतरी. डांबरावरची गर्दी निम्मी झाली.
पण निम्मीच. काही माशा डांबरच नेत राहिल्या. का, ते अजून...

१५ मार्च
दोन्ही लिहिलं. फांद्यांवर आल्या तेही, डांबर सोडलं नाही तेही. हिंगण्याचं प्रकरण सगळ्यात पुढे घेतलं. प्रत सरांच्या टेबलावर ठेवली.
"काय ठरवलं?" त्यांनी वर न बघता विचारलं.
"शेवटचं पान बघा सर."
तिथे त्यांच्या सहीची जागा रिकामी आहे. माझी मी करून आले.