सर्जेरावची रात्रीची भाकर

पुणे, ११ जून १९७७

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला चार दिवस लागले, कारण दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं. रामकिसनदाजींना लगेच दाखवू नकोस. आधी तू एकटीनं वाच.

तुझ्या सर्जेरावला परतूरहून नवे कपडे आणले, शाळेतून दाखला काढायला दाजी सतरा तारखेला जाणार, वाटूरच्या आडत दुकानातल्या काट्यावर त्याचं वजन एकतीस किलो भरलं, हे सगळं वाचलं. काट्यावर बसून तो आडत्याला म्हणाला, "काका, बराबर पाहा, मी जॉकी होऊन राह्यलो!" ते वाचून मी एकटाच हसलो. पण त्याखाली तू लिहिलंस, "रात्रची भाकर बंद केली त्याची. मंग वजन वाढायचं न्हाई." त्याच्यापुढं मला वाचवेना.

अक्का, मीही एकतीसच किलोचा होतो. सात वर्षांपूर्वी आठवी अर्धी टाकून आलो, तेव्हा रेसचे घोडे तयार करणाऱ्या आमच्या साहेबांना हलकी पोरं हवी होती, म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. पहिली दोन वर्षं चांगली गेली, ते खोटं नाही. लगाम किती हलका धरायचा, पाठ किती वाकवायची, पळत्या घोड्याचा वेग घड्याळ न बघता कसा ओळखायचा, हे इथं मनापासून शिकवतात. माझ्याखाली घोडा पहिल्यांदा भरधाव सुटला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. सगळंच काही वाऱ्यानं आलं नव्हतं.

मग मी वाढलो. सोळाव्या वर्षी चार बोटं, सतराव्या वर्षी आणखी सहा. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं आणि तबेल्यावर देखरेख करणाऱ्या जमादारानं आकडा मोठ्यानं वाचायचा. मी भात सोडला. पाणी कमी केलं. भर उन्हात घोंगडं गुंडाळून पळालो. एकदा काट्यावरून उतरताना चक्कर येऊन पडलो, तर जमादार म्हणाला, "लंबू, तू घोड्यावर बसणार की घोड्याला डोक्यावर घेणार?" सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझं मनगट दाबून पाहिलं आणि म्हणाले, हाडच मोठं आहे, ते उपाशी राहून कमी होत नाही.

त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी मोतद्दार आहे. दोन घोड्यांचं दाणापाणी, मालिश आणि लीद काढणं, हे माझं काम. तुमच्या भिंतीवरच्या फोटोत मी घातलेले रेशमी कपडे दुसऱ्याचे आहेत. मी एकाही रेसमध्ये पळालो नाही. दाजी चौकात मला जॉकी म्हणून मिरवतात, आणि मी दर सुट्टीत ते ऐकून गप्प बसलो. चूक माझी आहे, त्यांची नाही.

काम वाईट नाही. पण सर्जेरावला घोडेच आवडत असतील तर दुसरी वाट आहे. इथं जनावरांचे डॉक्टर येतात. घोड्याच्या पायावरून नुसता हात फिरवून ते सांगतात, हा रविवारी पळणार नाही, आणि साहेबसुद्धा ऐकतात. मी धीर करून त्यांना विचारलं. मॅट्रिकला गणित आणि विज्ञान चांगलं लागतं. पुढचं कॉलेज आपल्या परभणीलाच निघालं आहे, आणि आपल्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. डॉक्टरांना कुणी काट्यावर उभं करत नाही, अक्का.

आता जे दोनदा लिहून फाडलं ते लिहितो. साहेबांनी हलका मुलगा मागितला आहे, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्यांनी मागितला नव्हता. मीच त्यांच्या मागे लागलो. खोलीत आम्ही चौघं राहतो. बाकीचे तिघं एका गावचे, ते आपसांत बोलतात, माझ्याशी कामापुरतं. आठवडेच्या आठवडे जातात आणि 'काय करून राह्यला' असं कुणी विचारत नाही. मला वाटलं, शेजारच्या खाटेवर सर्जेराव असेल, तो विचारेल. एवढ्यासाठी मी त्याची शाळा सोडवायला निघालो होतो. त्याचा दाखला काढू देऊ नकोस आणि त्याला पोटभर जेवू घाल. हे पत्र वेळेवर पोचेल याची खात्री नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे एकोणीस तारखेला संध्याकाळी मी शिवाजीनगरच्या स्टँडवर जाईनच. जालन्याची एस.टी. रिकामी होईपर्यंत थांबेन. तो उतरला नाही तर मला आनंद व्हायला हवा, आणि होईल. थोडा वेळ लागेल, एवढंच.

तुझाच धाकटा,
जगन्नाथ