बोळीतला जिना

उस्मानपुरा, औरंगाबाद
२२ नोव्हेंबर १९९८

ती. दादास नमस्कार.

तू पुंडलिकनगरहून पाठवलेला कच्चा नकाशा पोचला. इथे ठीक आहे. बापूंची साखर आटोक्यात आहे. वहिनींना नमस्कार सांग. एकाच गावात राहून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मोजमापं ऐकून घेत नाहीस.

तुम्हाला राहायला वर दोन खोल्या काढता येतील. बोळीतून जिना मात्र काढता येणार नाही.

तू बोळ आठ फूट धरलीस, त्यात तीन फुटांचा जिना बसवलास आणि पाच फूट मोकळे दाखवलेस. बाजूला पाच फूट मोकळं सोडायचा नियम आहे, म्हणून हिशोब बरोबर दिसतो. पण त्या आठ फुटांतले चारच आपले आहेत. मोजणीचा नकाशा काढून मी तीनदा फीत टाकली. हद्दीचा दगड शेजारच्या रामकिसन काका-वच्छलाबाई काकूंच्या कपडे धुवायच्या शिळेखाली निघाला, बोळीच्या बरोबर मध्यावर.

बापूंना सांगितलं तर म्हणाले, "आठ फूट म्या सोडलेत. रामकिसन म्हातारा झाला, इसरला आसंल." रामकिसन काकांकडे गेले तर ते म्हणाले, "व्हय, आठ फूट. मीच सोडली म्हणून तर तुझ्या बापाला खिडकी ठेवता आली." अडुसष्ट साली दोघांनी शेजारी शेजारी घरं बांधली. मधली बोळ दोघांनीही आपल्याच जागेतली समजली आणि तीस वर्षं एकमेकांवर उपकार केल्याच्या समाधानात काढली. आता दोघांच्याही वाट्याला चार चार फूट आले आहेत आणि माझ्या फितीवर दोघांचाही विश्वास नाही.

म्हणजे आपली खालची भिंतच नियमाला एक फूट कमी पडते. ती जुनी असल्यामुळे तशी राहू शकते. वरचं बांधकाम नवं, म्हणून त्याची भिंत एक फूट आत घ्यावी लागेल. खाली तिला आधार नाही, तेव्हा बीम टाकावा लागेल. खोली बारा फुटांऐवजी अकरा फुटांची होईल.

जिना घरातून न्यावा लागेल, बैठकीतून. बापूंच्या बाजेजवळून.

तू तीन वर्षांपूर्वी काय बोलून गेलास ते मला पाठ आहे. वहिनींच्या नोकरीवरून बापू जे बोलले तेही. त्यांच्या दारातून आत पाऊल टाकणार नाही म्हणालास, म्हणूनच जिना तुला बोळीत हवा होता. ते नकाशावर लिहिलेलं नसलं तरी दिसतं.

बैठकीतल्या जिन्याचा नकाशा मी बापूंना दाखवला. त्यांची तीन फूट जागा जाते हे सांगितलं. तेव्हा बापू म्हणाले, "त्याला म्हणावं, माझ्याकडं बघू नको. मान खाली घालून जा वर. पर हितूनच जा." दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर बाज समोरच्या भिंतीला सरकवलेली होती. एकट्याने सरकवली.

इथवर लिहिलं ते एका वाक्याशिवाय खरं आहे. जिना घरातूनच न्यावा लागेल, हे खरं नाही. मागे परसात भिंतीपासून हद्दीपर्यंत साडेअकरा फूट अंतर आहे. तिथे तीन फुटांचा जिना बाहेरून काढला तरी नियमात बसतो आणि बोळीतून मागे जाता येत असल्यामुळे बैठकीत पाय ठेवावा लागत नाही. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर मी तोच काढून दिला असता. तुला तो दाखवायचा नाही असं ठरवलं होतं.

मला पाटबंधारे खात्यात नेमणुकीची ऑर्डर आली आहे, परभणीला. बापूंना अजून सांगितलेलं नाही. ऑगस्टमध्ये ते मोरीत पडले. मी संध्याकाळी येईपर्यंत तिथेच पडून होते. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली, आणि ती मी आज मोडली. तू मागच्या जिन्याने वर राहायला आलास तर खाली काय झालं ते तुला दूधवाल्याकडून कळेल. म्हणून मी तो जिना काढला नव्हता. पण खोटा नकाशा देऊन तुला घरात आणायचं, हे मला जमलं नाही.

दोन्ही नकाशे सोबत आहेत. आईच्या मागे घर आपल्या तिघांच्या नावावर आहे, त्यामुळे तुझी सही लागेल. बापूंनी बैठकीतल्या जिन्यावर केली आहे. मी अजून कशावरच केलेली नाही. तू ज्यावर करशील त्यावर करीन आणि तोच दाखल करीन. पुन्हा विचारणार नाही.

चौदा डिसेंबरपर्यंत याच पत्त्यावर असलेली,
तुझी बहीण
कस्तुरा