पेकिंग, आणि ह्यांचं ‘बघू’

३ नोव्हेंबर १९४७, सांगली
प्रोफेसरांनी माझ्या प्रबंधाचं प्रकरण परत दिलं. चीनच्या खेड्यांत बायकांना कसं शिकवतात, आपल्या सातारा जिल्ह्यात कसं, ही तुलना. म्हणाले, “बाई, चीन पुस्तकात पाहिलात, ठीक. पण खटाव तालुकासुद्धा पुस्तकातच?” लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.
पेकिंगची शिष्यवृत्ती मंजूर आहे. दोन वर्षं. हो की नाही ते वर्षअखेर मुंबईला कळवायचं. हे वकिलीपायी साताऱ्याला, मी शाळेच्या नोकरीपायी इथं. ह्यांना लिहिलं, तर वकीलसाहेबांचं उत्तर एका शब्दाचं: बघू. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या ‘बघू’चा अर्थ मला लागलेला नाही.

१४ नोव्हेंबर, वडूज, तालुका खटाव
बायकांचा लिहावाचायचा वर्ग, दुपारी, मारुतीच्या देवळात. बहुतेक फौजींच्या बायका. चिनी रीत लावून पाहिली. मुळाक्षरं मागाहून, आधी जिला जो शब्द हवा तो. त्यांतल्या हिराबाईला ऐटीत म्हटलं, “मालकांचं नाव सांगा, तेच शिकवते.” सगळ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.
“आवं बाई, नाव कसं घ्यायचं?”
शहाणीच मी! स्वतः ‘अहो’च्या पुढे कधी गेले नाही, आणि तिला विचारते.
शेवटी शेजारीण म्हणाली, ज्ञानू. हा ज्ञानू पलटणीत, पंजाबात. आजवर पत्रावर पत्ता घालायला हिराबाईनं नणंदेला मास्तरांकडे न्यायचं, नाव तिनं सांगायचं. “नणंद रुसली की पत्र ऱ्हायलं बगा!” उन्हं उतरेपर्यंत बाईनं नाव गिरवलं. म्हटलं, हे चालतं?
“तोंडानं घ्यायचं न्हाई. हाताला कुणी बंदी केलीया?”
लय खूश होती. मीही.

२३ नोव्हेंबर, सांगली
सगळी पुस्तकं उपसली. चीनमध्येही मुलगा बापाचं नाव उच्चारत नसे. पण नवऱ्याचं? तिथल्या सुना काय करतात? एकाही साहेबानं लिहिलेलं नाही. विचारणार कसे, सगळे पुरुष. कुठल्या तरी तळ्याकाठच्या शाळेत बसून तिथल्या हिराबाईला हे विचारायचंय मला. जायचंच आहे. पेपरात तिकडच्या लढाईच्या बातम्या. वाचते, आणि न वाचल्यासारखं करते.

७ डिसेंबर, सातारा
संध्याकाळी ह्यांच्याबरोबर चार भिंतीच्या टेकडीकडे फिरायला. भाजक्या शेंगा. सोललेले दाणे सगळे माझ्या हातावर, स्वतः एक खाल्ला नाही.
“दोन वर्षं?”
“हो.”
आणखी दोन शेंगा फोडल्या. मग, “नको म्हणणार नाही मी. पण ‘जा’ असंही तोंडातून निघत नाही.”
मी चिडले. कोर्टात तासन्‌तास बोलता, आणि इथं? म्हटलं, “तोंडातून निघत नसेल तर लिहून कळवा!” हसले नाहीत. परतताना माझी पिशवी मात्र त्यांनीच घेतली.

१८ डिसेंबर, सांगली
पोस्टमन आला नि गेला. ह्यांचं कार्ड नाही. माणसानं किती घुमं असावं! शाळेत मुलींवर उगाच ओरडले. जेवण नको वाटलं.

२८ डिसेंबर, सांगली
हे आले. न कळवता, हातात गाठोडं. उघडलं तर कोट. लष्कराचा, लिलावातला, घोंगडीसारखा जाड. “पेकिंगला बर्फ पडतं म्हणे.” बस्स, एवढंच. बाह्या माझ्या बोटांखाली लोंबतात. जेवले, प्रोफेसरांची चौकशी केली, दुपारी निघाले. ‘जा’ नाहीच.
मी स्टेशनवर पोचवायला गेले. गाडी हलली आणि एकदम वाटलं, ह्यांनी ‘नको’ म्हणावं. एकदा तरी अडवावं. ओरडले, “अहो!” खिडक्यांतून चारपाच पुरुषांनी वळून पाहिलं. हे जागा शोधत होते, पाठ माझ्याकडे. नाव अगदी दातांपर्यंत आलं. बाहेर आलं नाही. गाडी गेली.
आता कोट घालून बसले आहे. सांगलीत असली कुठली थंडी! मुंबईला द्यायचं उत्तर उद्याच्या टपालात पडायला हवं. कागद पुढे घेतला. वर तारीख घातली. खाली हो किंवा नाही लिहायचं, तर हातानं भलतंच लिहिलं.
सदाशिव.
पुढे अजून काही लिहिलेलं नाही.