शंभराच्या आत

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. उद्देश एकच, सूड. हवा कार्यालयाच्या साहेबाला गुडघ्यावर आणल्याशिवाय ही वही मिटणार नाही.

कारण लिहून ठेवतो, पुढेमागे राग थंड झालाच तर वाचायला बरं. नात सहा महिन्यांची झाली. अजून मांडीवर घेतलेली नाही, फोनवर दिसते तेवढीच. वेळेआधी जन्मली, छाती नाजूक. डॉक्टरांनी मुलीला बजावलंय की आपल्या इथला हवेचा आकडा सलग आठवडाभर शंभराच्या आत राहिला, तरच बाळाला इकडे आणायचं. चौकातल्या फलकावर आज ३१२. गेल्या सोमवारी ३०८ होता. म्हणजे प्रगती आहे, फक्त दिशा उलटी आहे.

सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणतात. थांबलो. मुदत संपली.

ही म्हणते, आपणच जाऊन बघून येऊ, बसने पाच तासांचा तर रस्ता. ठाम नकार दिला. शहर सोडून जाणं म्हणजे साहेब जिंकणं. नात येईल ती आजोबाच्या घरी, स्वच्छ हवेत, वाजतगाजत. ही काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

संकल्प: रोज एक तक्रार. रोज सकाळी चालणं, कारण लढायला दम लागतो. कुणावरही चिडायचं नाही.

४ नोव्हेंबर.
चालायला गेलो नाही. हवा वाईट. माझ्या पोटाचा घेर खरं तर सरकारच्या नावावर लिहायला हवा.

दुकानात एक बाई नवा चष्मा परत घेऊन आल्या, धूसर दिसतं म्हणाल्या. शांतपणे समजावलं की काच उत्तम आहे, धूसर आहे ती हवा. त्या म्हणाल्या, घरातसुद्धा धूसरच दिसतं. म्हटलं, खिडकी उघडी राहत असेल. दुसरीकडून चष्मा करून घेते म्हणाल्या आणि गेल्या. बावीस वर्षं हे दुकान चालवतोय, अशी गिऱ्हाइकं पूर्वी नव्हती. सगळं साहेबाच्या खात्यावर जमा होतंय.

५ नोव्हेंबर. दुपारी.
हवा कार्यालयात जाऊन आलो. विषय स्पष्ट मांडला: कचरा डेपो दिवसरात्र धुमसतोय, तो विझवा. साहेब चहा ढवळत म्हणाले की आग ही घनकचरा खात्याची. धूरसुद्धा डेपोच्या भिंतीच्या आत असेपर्यंत त्यांचाच. भिंत ओलांडली की मग तो हवा कार्यालयाचा. पण तो भिंत नेमका कुठे ओलांडतो, याची पाहणी व्हायची आहे. पाहणीला गाडी लागते. गाडी आहे, पण तिची धुराची तपासणी झालेली नाही, त्यामुळे ती रस्त्यावर काढता येत नाही.

टेबलावर मूठ आपटणार होतो. पण टेबलावर काच होती, आणि काचेचं मला धंद्यामुळे वाईट वाटतं.

साहेबाच्या खोलीत कोपऱ्यात हवा शुद्ध करायचं यंत्र घुरघुरत होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा छातीभर श्वास घेतला, आणि तेवढ्यात शिपायाने वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. हा श्वास मी विसरणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार.
कृती समिती स्थापन केली. मी अध्यक्ष, शेजारचे कंपाउंडर सचिव. पहिल्या सभेत एकमताने ठरलं की मोर्चा काढायचा. संध्याकाळी कंपाउंडरांनी राजीनामा दिला. त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. चळवळी अशाच मरतात. आता समितीत एकमत तरी कायमचं झालं.

१२ नोव्हेंबर.
दुकानाच्या काउंटरवरची काजळी पांढऱ्या कागदावर झटकून, पाकिटात घालून, साहेबाला पाठवली होती. वर लिहिलं होतं, 'आपली ठेव'. नाकाला मिरच्या झोंबतील अशी खात्री होती. आज उत्तर आलं: आपला अर्ज मिळाला, संबंधित टेबलाकडे पाठवला आहे, सोबतची कागदपत्रं अपुरी आहेत.

चिडलो नाही. फक्त स्टूल लाथाडलं. अंगठा सुजलाय, त्यामुळे चालायला जाणं आठवडाभर बंद.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
देव आहे. साहेब स्वतःच्या पायांनी दुकानात आला. मला ओळखलं नाही, कारण त्याला लांबचं धड दिसतच नाही. जुना चष्मा दुसऱ्या कुणाकडून केलेला. नवा करा म्हणाला.

डोळे तपासले, नंबर नीट लिहून घेतला, आणि मुद्दाम चुकवून काचा लावायचं ठरवलं. जिना उतरताना पायरी दिसणार नाही. फाइल समजून बायकोच्या याद्यांवर सह्या करील. हा माणूस महिनाभर भिंतीला धडकत फिरणार आहे आणि त्याला वाटेल, हवेचा दोष. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे हिला सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर.
साहेब चष्मा घेऊन गेला. डोळ्यांवर चढवला, रस्त्याकडे बघितलं आणि थक्क झाला. म्हणाला की आयुष्यात इतकं लख्ख कधी दिसलं नव्हतं, समोरच्या इमारतीवरची कबुतरंसुद्धा मोजता येताहेत. माझा हात हातात घेऊन हलवला. दुपारी त्याच्या कार्यालयातली आणखी दोन माणसं त्याचं नाव सांगत आली.

नंबर लिहून घेताना माझी काही चूक झाली असेल आणि मुद्दाम केलेल्या चुकीने ती दुरुस्त झाली असेल, असं कुणी म्हणेल. तसं काही नाही. साहेबाचे डोळेच सरकारी आहेत, सरळ काच त्यांना चालत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
चौकातल्या फलकावर ८६. हिरव्या अक्षरांत. खाली 'समाधानकारक'.

डोळे चोळले. मग माझाच चष्मा पुसला. डेपोचा धूर तर समोर दिसत होता, घसा खवखवत होता आणि फलक हिरवा. चौकशी केली. हवा मोजायचं यंत्र आता चौकात नाही. कार्यालयामागच्या बागेत नेऊन ठेवलंय, कारंज्याच्या कडेला, आणि सकाळपासून चारही बाजूंनी त्याच्यावर पाण्याचे फवारे. फक्त जेवणाच्या सुट्टीत बंद. माणसांना मास्क आणि यंत्राला आंघोळ.

घरी आलो तर हिने हातावर साखर ठेवली. आकडा कळला होता. म्हटलं, अगं खोटा आहे, मुलीला फोन लाव, मी सांगतो. हिने फोन पदराखाली घेतला आणि म्हणाली की सहा महिने तुम्ही बोलताय, आता आठ दिवस गप्प बसा.

बायकांना मोठं चित्र दिसत नाही. माझा हिशेब साफ आहे. खोटा आकडा उघडा पाडायचा. खरा आकडा वर आला की लोक पेटतील. लोक पेटले की सरकार हलेल, डेपो विझेल, हवा सुधारेल, आकडा खरोखरच शंभराच्या आत येईल आणि नात येईल. अंदाजे पंधरा दिवस.

२३ नोव्हेंबर, रविवार.
आकडा ८१. रक्त उकळतंय.

ही मात्र मोहिमेत मनापासून उतरलेली दिसते. आतली खोली घासूनपुसून काढली, खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली, दाराला ओली चादर लावली. निषेध नोंदवायची ही घरगुती पद्धत मला आवडली. माळ्यावरचा पाळणाही उतरवून धुतला. बहुतेक विकायचा असेल. म्हटलं, घाई कसली, पंधरा दिवसांनी लागणारच आहे. हिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

२५ नोव्हेंबर. दुपारी.
बागेची टेहळणी केली. टोपी घातली, हातात फाइल धरली. माळ्याने मला वरच्या कार्यालयातला कुणीतरी समजून सलाम केला. मी खोटं बोललो नाही, फक्त सलाम घेतला. त्याने आपणहून सगळं दाखवलं: नळ कुठे, फवारे कुठले, एकला तो जेवायला जातो तेव्हा पाणी कसं बंद करतो. यंत्रापासून चार पावलांवर वाळक्या पाल्याचा डोंगर साठलाय. तो म्हणाला, पाला उचलायला गाडी येत नाही. गाड्यांचं काय ते मला माहीत होतं.

योजना तयार. या शहराने वर्षभर जे नाकात घेतलं, ते यंत्रालाही एकदा कळू दे.

२६ नोव्हेंबर. रात्री जेवणानंतर.
आकडा ७९. म्हणजे आठवडाभर शंभराच्या आत. साहेब टाळ्या वाजवत असेल. वाजव बाबा, उद्यापर्यंत.

हिने बजावलंय की उद्या दुपारी दुकान बंद ठेवा, घरीच थांबा, धुतलेला शर्ट घाला. कारण विचारलं तर सांगत नाही. नक्कीच हिचा भाऊ येणार. तो आला की माझ्याच खुर्चीत बसून मला धंदा शिकवतो. थांबतो म्हणून कबूल केलं. दुपारी तासाभराचं काम आटपून परत येईन, मेहुण्याला तेवढी झोप तरी मिळेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी दोन.
चौकातल्या बाकावर बसून लिहितोय.

माळी जेवायला गेला, फवारे थांबले. पाल्याला काडी लावली. वाटलं होतं भसकन पेटून जाईल, पण खालचा पाला ओला निघाला आणि असा धूर सुटला की मीच दिसेनासा झालो. यंत्र पार बुडालं. खोकत खोकत कुंपणाबाहेर आलो तेव्हा चौकात लोक मान वर करून उभे होते. १४०. मग २३६. मग ४१२. लाल अक्षरं, 'अतिगंभीर', आणि फलक चक्क लुकलुकायला लागला. कुणीतरी फोटो काढत होतं. कुणी सरकारला शिव्या घालत होतं. कोण म्हणतं एकटा माणूस काही करू शकत नाही? साहेबा, हा घे तुझा आकडा.

त्याच दिवशी. संध्याकाळी.
मेहुणा आलेला नाही.

टेबलावर तीन माणसांचा स्वयंपाक झाकून ठेवलेला. पाळण्यात नवी दुपटी. ही खुर्चीत बसलेली, दिवासुद्धा लावलेला नाही. मी जिंकल्याचं सांगायला तोंड उघडलं, तर तिनेच सांगितलं. मुलगी सकाळच्या बसने निघाली होती, बाळाला घेऊन. मला कळलं असतं तर आकडा खोटा आहे म्हणून मी तिला फोनवरच अडवलं असतं, म्हणून मला सांगितलं नव्हतं.

"निम्म्या वाटेवर तिने फोनमध्ये आकडा बघितला. चारशे बारा. तिथेच उतरली आणि समोरच्या बसने परत गेली."

पाणी प्यायलो. ही उठली, माझ्याजवळ आली, शर्टाला नाक लावलं. मग आत जाऊन पाळण्यातली दुपटी घडी करत बसली. एक शब्द बोलली नाही. आणि या वेळी पटलंय म्हणून नाही.

१ डिसेंबर, सोमवार.
कार्यालयाची नोटीस आली. उघड्यावर पालापाचोळा जाळल्याबद्दल दंड आणि आठ तारखेला सुनावणी. साहेबाने मला खिडकीतून ओळखलं. एवढ्या धुरातून, एवढ्या लांबून. नवा चष्मा फारच चांगला आहे, असं त्याने जबाबात लिहिलंय.

पेपरात बातमी आहे: प्रदूषणाविरुद्ध कठोर कारवाई, वर्षातला पहिला गुन्हा नोंद. कारवाईबद्दल साहेबाचं वरून कौतुक झालं. फवाऱ्यांची संख्या दुप्पट केली. आकडा ७७. डेपो जळतोच आहे.

मुलीला फोन करून सगळं खरं सांगितलं: पाला मी पेटवला, पण आकडा आधीही खोटाच होता, इथली हवा तशीच आहे. ती म्हणाली, बरं झालं कळलं, आता त्या फलकावर विसंबून मी कधीच बाळाला घेऊन यायची नाही. मला हेच तर सिद्ध करायचं होतं. फोन ठेवल्यावर रडू आलं. धुराने नव्हे.

५ डिसेंबर.
ही मुलीकडे गेली. सकाळी पिशवी भरली आणि निघाली. मी येऊ का म्हणून विचारलं नाही, तिनेही विचारलं नाही. माझी सुनावणी आहे ना.

९ डिसेंबर, मंगळवार.
काल सुनावणी झाली नाही. साहेब रजेवर. पुढची तारीख कळवतील.

काल फोटो आला. नात हिच्या मांडीवर, हिच्या बांगडीला धरून. मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, आज रात्रीच्या बसने निघतो, साहेब जिंकला तर जिंकला. मुलगी अडखळली.

"बाबा, या ना. पण आई म्हणते, तुमच्या कपड्यांना अजून धुराचा वास येतो. बाळाला तेवढ्यानेसुद्धा धाप लागते. वास गेला की या."

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना.

तीन वेळा अंघोळ केली. शर्ट, पॅन्ट, बनियन, पिशवी, सगळं साबणाने धुऊन गच्चीवर टाकलं. संध्याकाळी काढलं आणि हुंगलं. डेपोकडून वारा होता. पुन्हा धुतलं. आज घरातच वाळत घातलं, खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून. दुपारी हुंगलं. आता मला वास येतोय की येत नाही, तेच कळेनासं झालंय, आणि हुंगून सांगायला घरात कुणी नाही.

फलकावर ७४. शर्ट पुन्हा भिजत घातलाय.