माझ्या नावाचं वॉरंट

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

पाटल्या गेल्या. काल सकाळी साडेसातला, देवळातून येताना, भर उजेडात. बाबांनी लग्नात घातलेल्या.

मोटरसायकलवर दोघे. मागचा खाकीत, मिशीवाला. "बाई, पुढं खून झालाय. अंगावर दागिने घालून कुठं फिरता? काढा, कागदात बांधून देतो." कुठलंसं कार्ड दाखवलं. आणि मी — पंचायत समितीत तीस वर्षं लोकांचे कागद तपासून निवृत्त झालेली बाई — स्वतःच्या हाताने पाटल्या काढून दिल्या! डावी निघेना, तर त्याने मनगट धरून ओढली. कातडी सोलून निघाली. घरी येऊन पुडी सोडली. आत दोन खडे.

वर मी त्याला "थँक्यू साहेब" म्हटलं होतं. ते पाटल्यांपेक्षा जास्त झोंबतंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शेजारची गंधाली हसली. माझ्या तोंडावर नाही. नवऱ्याला सांगत होती, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात — "शिकलेली बाई, अन् हाताने काढून दिल्या." अपूर्व नुसताच म्हणाला, "आई, तू तरी…" आणि कंपनीत निघून गेला. पोटच्या पोराचं ते 'तू तरी' दिवसभर डोक्यात वाजत होतं.

संध्याकाळी हसनाबादहून रामदादाचा फोन. "शैला, दोन साल झाले, माहेर इसरली का काय? येऊन तर जा." बाबांच्या पाटल्या गेल्या हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? कामात आहे म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

रविवार, १६ फेब्रुवारी

कॉलनीची सुरक्षा समिती झाली. कोपऱ्यावरचे राधेश्यामजी अध्यक्ष, ते सळईचे व्यापारी. आवाज दणदणीत, म्हणून अध्यक्ष. त्यांनी यादी वाचली — तीन महिन्यांत आपल्या आणि पलीकडच्या कॉलनीत मिळून अकरा घरफोड्या, चार साखळ्या, एकही चोर सापडलेला नाही. मग पिशवीतून शिट्ट्या काढल्या. प्रत्येक घराला एक. तीनदा वाजली की घरटी एक माणूस काठी घेऊन बाहेर. "आधी धरा, मंग विचारा."

पहिली शिट्टी मला दिली. "ताईंना आधी. त्यांच्यावर गुजरलं आहे." सगळे माझ्या मनगटाकडे बघत होते. मी पदर ओढून घेतला.

रविवार, २ मार्च

पलीकडच्या कॉलनीतल्या कौसल्याबाईंची साखळी ओढली. सत्तरीची बाई, फरफटत गेली. हनुवटी फुटली, समोरचे दोन दात रस्त्यावर. मी बघून आले. सुनेने ते दात रुमालात बांधून ठेवलेत, कशाला कोण जाणे.

अपूर्वने कंपनीतून लोखंडी पाईप आणला. एका टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळली, पकड यावी म्हणून. दाराआड छत्रीशेजारी ठेवलाय. मी रागावले नाही. जागा मीच करून दिली.

रविवार, ९ मार्च

गंधालीने शिट्टी वाजवली. कोणाच्या तरी गेटमधून भंगारवाला डोकावला होता. खांबाला बांधला. "रद्दी पूछरा था साहब, रद्दी पूछरा था" — एवढंच म्हणत होता. अपूर्वने दोन ठेवून दिल्या. ओठ फाटला, शर्टावर रक्त. पोलीस आले आणि त्याला सोडवून घेऊन गेले. ग्रुपवर फोटो पडला, खाली अंगठ्यांची रांग.

मला बरं वाटलं. हे फक्त इथे लिहिते. त्याच्या ओठातून रक्त आलं आणि महिनाभर ठणकणारं माझं मनगट थांबलं.

रविवार, १६ मार्च, दुपार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

अकरा वाजता नळ आले होते. गेटपाशी टाकी भरत होते. मान वर केली तर समोर खाकी. जाड मिशी. हातात वही. "वॉरंट हाय बाईसाहेब, तुमच्या नावाचं!" शिट्टी गळ्यातच होती. तीनदा वाजवली.

रविवार, सगळे घरी. मिनिटभरात पंधरा-वीस जण गोळा झाले. राधेश्यामजी धापा टाकत म्हणाले, "ताई, जल्दी नका करू. बराबर बघा. हाच का?" सगळे माझ्याकडे बघत होते. गंधाली तिच्या ओट्यावरून बघत होती. मी म्हटलं, "हाच."

पहिली काठी खांद्यावर बसली. तो खाली बसला, डोक्यावर वही धरली. कोणीतरी लाथेने वही उडवली. मग पाठ, मग गुडघे. धुणं बडवल्यासारखा आवाज येत होता. तो माझ्याकडे बघून हात जोडत होता, काही सांगत होता. तोंडात रक्त, शब्द फुटेनात. मग कोणीतरी त्या जोडलेल्या हातांवरच काठी घातली. बोटं मोडलेली दिसली.

अपूर्व सगळ्यांत शेवटी आला. अर्धी अंघोळ टाकून, केसांत साबण. "माझ्या आईला फसवतो?" पाईप एकदा खाली आला. दुसऱ्यांदा डोक्यात. तो आवाज वेगळा होता. सगळे एकदम मागे सरले.

नळी टाकीतून निसटली होती. पाणी त्याच्या अंगाखालून वाहत लाल होऊन गटारीत जात होतं. आठ दिवसांनी आलेलं पाणी! मी आधी जाऊन नळ बंद केला. एका हाताने. डाव्या हाताची मूठ उघडतच नव्हती.

सोमवार, १७ मार्च

तो गेला. सरकारी दवाखान्यात, सकाळी.

बहुरूपी होता. मिथुन नाव, वय अडतीस. सुगी झाली की पोलिसाचं सोंग घेऊन गावोगाव फिरायचा, खोटं वॉरंट वाचून माणसं हसवायचा, पसाभर ज्वारी घेऊन पुढे जायचा. गंधालीला बहुरूपी म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. मोबाइलवर शोधून तिने नवऱ्याला वाचून दाखवलं. आज ती हसत नव्हती.

अपूर्वला नेलं. आणखी चौघांना. जाताना त्याला गेटपाशी काही चमकताना दिसलं. उचलून माझ्या हातात दिलं — सोड्याच्या बाटलीचं बूच, मागे सेफ्टी पिन. "आई, पोलिसाच्या छातीवर बुचं असतात का गं?"

मी घाबरले होते. कोणाचीही चूक झाली असती. त्या वेळी दुसऱ्या कोणी शांत डोक्याने बघून दाखवावं.

बुधवार, १९ मार्च

राधेश्यामजी वकिलांना घेऊन आले. वकील चांगले आहेत, हळू बोलतात. "काकू, पाचही पोरं तुमच्या जबाबावर उभी आहेत. तुमच्यावर असाच प्रसंग आलेला. तोच वेश, तीच मिशी. तुम्हाला मनापासून वाटलं हाच तो, आणि पोरं तुमच्या शब्दावर धावली. एवढंच सांगा, बाकी माझ्यावर सोडा."

मी मान हलवली.

निघताना राधेश्यामजी म्हणाले, "एकच भानगड हाय. पोलीस त्याची नकली मिशी शोधून राह्यले. अंगावर न्हाई सापडली, रस्त्यावर बी न्हाई. गर्दीत उडून गेली असंल." मी चहाच्या कपबशा उचलल्या.

शनिवार, २२ मार्च

खरे चोर सापडले. दुसऱ्या जिल्ह्यात. पाटल्या ओळखायला बोलावलं होतं. माझ्याच. आतल्या बाजूला बाबांनी कोरून घेतलेलं 'शै' आहे.

खाकीतला तो समोर उभा केला. सहा फूट, गोरा, मिशी स्वतःची. बहुरूपी माझ्या खांद्याला लागत होता. साहेबांनी विचारलं, "बाई, या दोघांत तुम्हाला सारखं काय दिसलं?" मी म्हटलं, "खाकी." त्यांनी लिहून घेतलं. सविस्तर जबाब मंगळवारी.

कोठडीत अपूर्वला भेटले. दाढी वाढलीय. पाईपचं एक अक्षर बोलला नाही. "आई, तुला वाटलं ना तोच आहे म्हणून? मग झालं." माझ्यावर किती विश्वास आहे पोराचा. मला तिथे उभं राहवेना.

सोमवार, २४ मार्च

डबा घेऊन ठाण्यावर गेले. बाहेर बाकावर एक बाई बसलेली. मी शेजारी टेकले. ती त्याची बायको, दैवशाला. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. "तुमचं बी कोनी आत हाय का?" तिने विचारलं. मी मुलगा म्हटलं. "सुटंल," ती म्हणाली. मला धीर देत होती!

मग आपणहून सांगत बसली. "आमची गावं वाटून देल्याली असतात बघा. हसनाबाद सासऱ्यापासून आमच्याकडं. तिथल्या रामरावदादांनी चिठ्ठीवर पत्ता देल्ता. जालन्यात बहीण राह्यती, दोन सालापासून आली न्हाई, तिला वॉरंट दाखव, हसव, अन् घेऊनच ये म्हणले. शहरात कधी जात नव्हते ते. म्या म्हणलं, नगा जाऊ, तिथं कोन वळखतंय तुम्हाला? तर म्हणले, गावची लेक हाय, ती वळखंल की."

पाणी पिऊन येते असं सांगून मी उठले आणि रिक्षा करून घरी आले. डबा तसाच हातात.

तिचा सासरा आमच्या ओट्यावर यायचा. बाबांना सुतळीच्या बेड्या घालायचा, आई सुपातून ज्वारी आणेपर्यंत सोडायचा नाही. मी पायरीवर बसून पोट धरून हसायची. त्याच्याही छातीवर बुचंच होती.

मंगळवार, २५ मार्च

जबाब दिला. अपूर्वला आता वाचवता येणार नाही. मलाही.

कपाटातून मिशी नेली होती. काळी लोकर, मागे डिंक. टेबलावर ठेवली. कुठे सापडली, साहेबांनी विचारलं. सापडली नाही म्हटलं. शिट्टी ऐकून तो हसला होता. मिशी ओढून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "भिऊ नगा अक्का, रामदादानं धाडलंय. दोन सालापासून माहेरी आली न्हाई, ह्योच गुन्हा हाय तुमचा." मी ओळखलं त्याला. तेवढ्यात सगळे आले. दुसऱ्यांदा खुळी ठरले असते, गंधाली बघत होती.

"हाच" म्हणाले तेव्हा मिशी माझ्या मुठीत होती.