जेवत्या माणसाला 'नाही' म्हणू नये

अल मन्सूरा, दोहा
शनिवार, १७ नोव्हेंबर २००७

ती. थॉमसकाका यांस,
जोआनाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. आम्ही बहिणी खुशाल आहोत. मार्विनभावोजी अजून समुद्रातच, गॅसच्या प्लॅटफॉर्मवर. त्यांच्या जागी येणारा माणूस दर वेळी आजारी पडतो आणि यांची सुटी पुढे जाते. मी इथे राहायला आल्यापासून त्यांनी घराचं तोंड पाहिलेलं नाही.

पण घर भरलेलं असतं. शुक्रवारी इथे सुटी, तेव्हा चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर नजमा भागातल्या खोल्यांमध्ये राहणारी आपली वसईची मुलं जेवायला येतात. जॅनेटताईने एकदा दोघांना सिलिंडर वर चढवायला बोलावलं आणि उपकार म्हणून जेवू घातलं, तिथून हे सुरू झालं. आता सिलिंडर भरलेला असला तरी येतात.

गेल्या महिन्यात ऑस्टिन घोन्साल्विस, जो एसीच्या कंपनीत स्टोअरकीपर आहे, त्याने हमूर माशाचं डोकं फोडता फोडता मला लग्नाचं विचारलं. पुढच्या शुक्रवारी रेमंड तुस्कानोने तिसऱ्यांदा भात घेताना तेच विचारलं. मी नोकरी करते त्याच हॉस्पिटलात तो एक्स-रे काढतो. मला दोघेही नकोत. पण जेवत्या माणसाला 'नाही' म्हणू नये, हे तुम्हीच आम्हाला ओट्यावर बसवून शिकवलंत. म्हणून मी सांगितलं की इथल्या नव्या चर्चसाठी वेदीवरचं कापड क्रोशाने विणते आहे, ते पुरं झालं की उत्तर देईन. आणि रोज थोडं उसवते.

ही युक्ती तुमच्या ग्रीक महाकाव्यातल्या राणीची. राजा लढाईवर गेलेला, घरात लग्नाळूंची गर्दी, आणि ती सासऱ्याचं कफन दिवसा विणायची, रात्री उसवायची. नावं कठीण म्हणून तुम्ही नुसतं राजा-राणी म्हणायचात. काका, त्या राणीला पाप लागलं होतं का? शेवटी तिने कुणाजवळ कबूल केलं का? ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मला झोप लागत नाही.

विल्सन डाबरे म्हणून तिसरा एक येतो, क्रेन चालवतो. त्याने काही विचारलेलं नाही. तो फक्त जेवतो.

तब्येतीला जपा, आणि या वेड्या पुतणीवरची माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
जोआना

वसई
३ डिसेंबर २००७

चि. जोआना हिस,
थॉमसकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. राणी प्रभूच्या जन्माआधीची, तेव्हा पापनिवेदनाची सोय नव्हती. तू निश्चिंत झोप.

मी ते काव्य परत काढून बसलो. म्हातारपणी एक लक्षात आलं, त्यात सगळी भानगड जेवणाची आहे. गुहेतला एकडोळ्या राक्षस पाहुण्यांनाच खातो आणि राजवाड्यातले पाहुणे यजमानाचं सगळं खातात. नीट जेवणारा त्यात कुणीच नाही. राजाला घरी यायला वीस वर्षं लागली, याचंही मला आता नवल वाटत नाही. घरी काय चाललंय याचा वास लागला असणार.

आता कामाचं. ऑस्टिनच्या बापाने मला बाजारात अडवलं. रेमंडच्या आईने केळ्यांचा घड पाठवला आणि तो आम्ही न कळून खाल्ला. दोघांनाही ईस्टरनंतरची तारीख हवी आहे. भाऊ गेल्यापासून तुझा शब्द द्यायचा अधिकार माझ्यावर आलाय, तो मला नकोसा आहे. पण ६ फेब्रुवारीच्या राखेच्या बुधवारपर्यंत तू काही बोलली नाहीस, तर दोघांपैकी एकाला मला हो म्हणावं लागेल. घड खाल्लेला असल्यामुळे रेमंडचं पारडं जड आहे.

जॅनेटला विचारलं म्हणून सांग. पत्राची वाट पाहतो आहे.
तुझा,
थॉमसकाका

अल मन्सूरा, दोहा
शनिवार, २२ डिसेंबर २००७

ती. थॉमसकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही तो घड का खाल्लात?

मी खरंच प्रयत्न केला. ठरवलं की त्यांचं जेवण होऊ द्यायचं, हात धुतले की दोघांना स्पष्ट सांगायचं. ते हात धुऊन आले तर ताईने चहा-बिस्किटं मांडली. चहा संपला तर रेमंड पिशवीतून संत्री काढून सोलायला लागला. शेवटी दाराशी गाठलं, तेव्हा ऑस्टिनच्या तोंडात बडीशेप. ही माणसं आमच्या घरात खात नाहीत असा क्षणच नाही.

मग मी कालवणात मीठ जास्त घातलं. पण अन्न नासवल्याचं इतकं मनाला लागलं की त्यात बटाटे आणि नारळाचं दूध घालून सुधारलं. ते इतकं चांगलं झालं की पुढच्या शुक्रवारी ऑस्टिन आणखी दोघांना घेऊन आला.

उसवायचं काम मी सकाळी हॉस्पिटलच्या व्हॅनमध्ये करते. शेजारी बसणारी नफिसा विचारते की तुमच्या धर्मात हे व्रत आहे का. रेमंड दर शुक्रवारी कापड हातात घेऊन म्हणतो की वा, बरंच झालं. त्याच्या एक्स-रेंची मला काळजी वाटते.

विल्सननेही काल कापड पाहिलं. घडी होती तशी घालून ठेवली आणि भात वाढून घेतला. त्याला कळलं असेल का? मला फार लाजल्यासारखं झालं.

नाताळच्या शुभेच्छा. मुदतीचं जरा सैल धरा, लोभ मात्र घट्ट असू द्या.
आपली,
जोआना

वसई
९ जानेवारी २००८

चि. जोआना हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की शेजारी पाणी घेऊन धावत आले.

पोरी, तो नियम तुझ्या आजीचा आणि तो भाताबद्दल आहे. जेवत्या माणसाला भात 'नाही', संपला, असं सांगू नये, एवढाच त्याचा अर्थ. लग्नाशी त्याचा काही संबंध नाही. तुझ्या आजीने स्वतः दोन स्थळांना भर पंगतीत नकार दिला होता आणि दोघांनाही वर वाटीभर कालवण वाढलं होतं. मी तुम्हाला नियम अर्धाच शिकवला असेन. तू लहानपणीही असंच करायचीस. प्रार्थनेच्या वेळी हलू नका म्हटलं, तर डास चावला तरी हलायची नाहीस.

तेव्हा सरळ सांग आणि मग वाढ. रेमंडच्या आईचं मी बघतो. आपल्या बागेत केळी आहेत.

धीर धर आणि कळवत राहा.
तुझा,
थॉमसकाका

अल मन्सूरा, दोहा
शनिवार, २ फेब्रुवारी २००८

ती. थॉमसकाका यांस,
सा. न. वि. वि.

काल मार्विनभावोजी आले. कळवलं नव्हतं. छातीपर्यंत दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी. ताई आणि मी स्वयंपाकघरात होतो आणि बाहेर पंगत बसलेली. दार ऑस्टिनने उघडलं. त्याला वाटलं, नजमाहून आणखी कुणी आलं. त्याने भावोजींना चपला बाहेर काढायला लावल्या आणि सांगितलं की नव्या माणसाने कडेला बसायचं, पहिल्या दिवशी शेपटीचा तुकडा मिळतो. रेमंडने समजावलं की लाजायचं नाही, घरधनी समुद्रात असतो, मोजणारं कुणी नाही. भावोजी अरबीत 'शुक्रन', धन्यवाद, म्हणाले आणि कडेला बसले.

विल्सन मात्र उठला. प्रवासाने दमलेला दिसतोस म्हणून त्याने आपली एसीखालची जागा त्यांना दिली, आपलं वाढलेलं ताटही दिलं. आणि हळूच सांगितलं की आत जी धाकटी बहीण आहे, तिला तेवढं काही विचारू नकोस, ती बिचारी नोव्हेंबरपासून एकच फूल विणून उसवते आहे. हे मला भावोजींनी नंतर सांगितलं.

ताई कालवण घेऊन बाहेर गेली. दाढीमुळे तिनेही ओळखलं नाही. मग तिला ताटाच्या कडेला एका ओळीत लावलेल्या मिरच्या दिसल्या. तशा लावणारा माणूस जगात एकच. तिने भांडं खाली ठेवलं आणि ती रडत त्यांना बोल लावायला लागली की एक फोन करता येत नव्हता का. तेव्हा पंगतीला कळलं. कुणाचा घास खाली उतरेना. ग्रीक राजाने घरी परतल्यावर लग्नाळूंवर धनुष्य उचललं होतं, पण भावोजींनी ऑस्टिनला एवढंच विचारलं की त्यांना आणखी थोडा भात घेता येईल का.

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी वाढायचा डाव हातात घेऊनच बाहेर आले आणि ऑस्टिनला आणि रेमंडला सांगितलं की मला तुम्हा दोघांशी लग्न करायचं नाही, आणि कापडाची गोष्ट खोटी होती, त्याबद्दल माफ करा. दोघांची तोंडं भरलेली असल्यामुळे त्यांना वाद घालता आला नाही. मग मी दोघांना सुरमईचे मोठे तुकडे वाढले. त्यांनी खाल्ले. रेमंड डबाही घेऊन गेला. तेव्हा त्याच्या आईकडे केळी पाठवायला हरकत नाही.

सगळे गेल्यावर विल्सन मोरीशी ताटं विसळत होता. मी विचारलं की माहीत होतं तर बोलला का नाहीस. तो म्हणाला की जी आधीच एवढं उसवत बसली आहे तिला आणखी काम कशाला लावायचं. काका, मग माझ्या तोंडून निघून गेलं. मी त्याला विचारलं की मीच तुला लग्नाचं विचारलं तर. तो तेव्हा काही खात नव्हता, हे मी आधी पाहून घेतलं होतं.

त्याने शेवटचं ताट पुसलं, पालथं ठेवलं आणि म्हणाला की विचार करून सांगतो. मी म्हटलं, हवा तेवढा वेळ घे, मला काही घाई नाही. एवढं मोठं खोटं मी आजवर बोलले नव्हते.

आशीर्वाद असू द्यावा, या खेपेला जरा लवकर पोचेल असा.
आपली,
जोआना